खिळ्यावरचा बिल्ला

त्या लॉन्ड्रीत सुट्टी हवी असली, की भिंतीवर दर आठवड्यासाठी ठोकलेल्या खिळ्यांपैकी हव्या त्या आठवड्याच्या खिळ्याला आपला नावाचा बिल्ला अडकवायचा, एवढीच रीत होती. इस्त्रीवालीने तो वेळेत अडकवला, लेकीला समुद्र दाखवून आणला, आणि परतली तर मुकादम म्हणाला, “खिळा रिकामा होता. आता घरीच बस!” तिने कामगार न्यायालयात दाद मागितली. तिथे सोबत काम करणाऱ्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं, शेजारच्या टेबलावरच्या मावशींनी मात्र मुकादमाकडे बोट दाखवून ठणकावून सांगितलं, “बिल्ला होता. ह्यानेच काढला.” निकाल तिच्या बाजूने लागला. आज ती कामावर आली, तर मावशींची इस्त्री थंडगार पडलेली आणि शेजारी त्यांचा बिल्ला. “कालच काढलं त्यांना,” कुणीतरी पुटपुटलं. “हात थरथरतात म्हणे.” बिल्ला मुठीत आवळत ती म्हणाली, “साक्षीला मी उभी राहते. आणखी कोण?” सगळ्यांच्या माना आपापल्या कपड्यांवर अजूनच झुकल्या.