अप्पांची नवी वायर

आवाज दबलाय म्हणत अप्पांनी जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलली, पट्टा बदलला आणि आता स्पीकरसाठी जाड वायर आणली. “खुललं बघा गाणं,” रविवारच्या बैठकीत ते मित्रांना सांगत होते.

“मग ऐकून ओळखा, कुठली वायर आहे ती,” त्यांची भौतिकशास्त्र शिकलेली लेक शर्वाणी म्हणाली. वायरीने आवाज बदलत नाही, हे तिला चारचौघांत दाखवायचं होतं. मागे जाऊन तिने जुनीच वायर जोडली आणि सुई टेकवली.

तबकडी फिरताच अप्पांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. “नवीच. तानपुरा कसा भरून येतोय.”

शर्वाणी हसणार, तोच थबकली. सुईच्या खरखरीशिवाय खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. वायरीची स्पीकरकडची पिन लावायची ती विसरली होती.

पोतनीसकाकांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. बाकीचे अप्पांच्या ठेक्यावर माना डोलावत राहिले. अप्पांचे कान गेलेत, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एका घरात राहून तिलाच नव्हतं.

अप्पांनी डोळे उघडले. “काय गं, हरलीस?”

शरमेने खाली गेलेली मान तिने वर केली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून.

“हरले, अप्पा.”