‘भरती’चं शेवटचं गिऱ्हाईक

"अंकल, ‘भरती’ बंद करतोय," हेल्मेट काढता काढताच नेल्सनने सांगून टाकलं. फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता, म्हणून तो भुईगावहून स्कूटर काढून अर्नाळ्याला आला होता.

सत्तरीचा मायकल ओट्यावर बसून शेजाऱ्याचं फाटकं जाळं सांधत होता.

भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं हे अ‍ॅप नेल्सनने पंधरा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर बसून एकट्याने लिहिलं होतं. तेव्हा एकेकटी माणसंच अ‍ॅप करायची. वापरणारे नावानिशी कळवायचे. कोणी वेळ चुकली म्हणून झापायचं, कोणी नाताळच्या शुभेच्छा धाडायचं. काय मजेचे दिवस होते! मग मोठ्या कंपन्या उतरल्या आणि गिऱ्हाईक पांगलं. नेल्सनने हट्टाने अ‍ॅपवर लिहून ठेवलं, ‘एक जरी माणूस वापरत असेल, तरी बंद करणार नाही.’

उरला एकटा मायकल. अ‍ॅपच्या नोंदींत दिसायचं, तो रोज सकाळी सहाला ते उघडायचा, अगदी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीतसुद्धा. नेल्सनला त्याच्या शिस्तीचं कौतुक वाटायचं.

"नव्या फोनांवर ते चालणार नाही. सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल. माझ्यात आता तेवढा जीव नाही."

"तुजी आय बाजारात भेटलेली. बोलली, कामावरनं येतोस नि खोलीत पडून ऱ्हातोस."

नेल्सनने विषय टाळला. "मोठ्या कंपनीचं अ‍ॅप टाकून देतो तुम्हाला."

"त्याचा भरवसा नाय. उद्या होडी खडकावर चढली तर कोन जबाबदार?"

नेल्सनला लाज वाटली. तो पायरीवर टेकला आणि मायकलच्या फोनवरचं जुनं अ‍ॅप न्याहाळू लागला.

"वाराही दाखवला तर?" शेवटी तो पुटपुटला.

"दाखव की."

"आणि अक्षरं मोठी..." त्याने खिशातलं पेन काढलं. हाताशी सापडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर तो चौकोन आखू लागला. मायकलच्या बायकोने, मार्गारेट आंटीने, आणून ठेवलेला चहा निवला तरी त्याची मान वर झाली नाही.

"महिनाभर द्या, अंकल," म्हणत तो उठला. किती वर्षांनी त्याला घरी जायची घाई झाली होती.

कुंपणाबाहेर तो स्कूटर वळवत होता, तेवढ्यात घरातून मार्गारेट आंटीचा आवाज आला.

"नऊ वर्सं झाली होडी इकून. तुला कशाला रे भरतीच्या येळा?"

"मला कशाला?" मायकल हसला. "पोरगा परत लिवायला बसला ना?"