फ्रान्सचं चीज आणि धारूरचा पंचनामा

डबा उघडला आणि छबुबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांना आधी वाटलं, माळ्यावर उंदीर मेला असावा. पण वास पाहुण्यांच्या डब्यातूनच येत होता.

"चीज हाय," घाटनांदूरचे परमेश्वरराव अभिमानानं म्हणाले. "फ्रान्सचं. आमचा सोमनाथ तिथंच डेअरीत नोकरीला हाय."

सोमनाथ त्यांचा धाकटा मुलगा. धारूरच्या राधाकिशनराव आणि छबुबाईंची लेक प्रियदर्शनी बघायला बापलेक आज आले होते. सोमनाथची सुट्टी संपायला दहा दिवस उरले होते. त्याचा बायोडाटा राधाकिशनरावांच्या मोबाईलवर आला होता. कुणी पाठवला ते त्यांना आठवत नव्हतं. शेती चाळीस एकर लिहिली होती, तेवढं आठवत होतं.

प्रियदर्शनी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. दोन वर्षांपासून ती अन्न सुरक्षा अधिकारी होती. तिची गाडी दिसली की मिठाईवाले आधी खव्याच्या पराती झाकायचे, मग नमस्कार करायचे. तिनं ट्रे ठेवला आणि पाटावर बसायचं सोडून डब्यावर वाकली.

"कच्च्या दुधाचं आहे?"

"हो," सोमनाथ म्हणाला. "दूध तापवलेलं नाही. आठ महिने मुरवलंय."

"मग आपल्या नियमात बसत नाही."

राधाकिशनराव हसले. मुलगी हसत नाही म्हटल्यावर थांबले.

ती सांगू लागली की कच्च्या दुधात असे जंतू राहू शकतात की लहान मुलाच्या, गर्भारणीच्या जिवावर बेतावं. बाहेरून येणाऱ्या चीजवर म्हणूनच बंधन हवं. सोमनाथनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, मीठ आणि मुरवण यानं बरेचसे जंतू मरतात, तिकडची माणसं पिढ्यान् पिढ्या खात आलीत. सरसकट बंदी हा आळशी माणसाचा उपाय. माल तपासा, कच्च्या दुधाचा आहे असं वर छापा आणि खाणाऱ्याला ठरवू द्या. तिनं विचारलं, तपासायचं कुठं? अहवाल येईपर्यंत चीज पोटात असतं आणि पोट दवाखान्यात.

छबुबाईंना यातलं फारसं कळलं नाही, पण दुधाचा विषय निघाला म्हणून त्यांनी सांगितलं की लग्न होईपर्यंत त्या म्हशीचं धारोष्ण दूधच पीत होत्या.

"आई, ती म्हैस दारात होती. तिचं दुखलंखुपलं घरातल्यांना ठाऊक होतं. फ्रान्सची गाय कुणी बघितलीय?"

"मी," सोमनाथ म्हणाला. "रोज बघतो."

प्रियदर्शनी आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी, सील करायची लाख, काडेपेटी आणि एक कोरा कागद घेऊन आली. सगळं हाताशीच होतं. तिनं पंचनामा लिहायला घेतला. वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चीज मोजलं, सव्वा किलो भरलं. पंच म्हणून तिनं परमेश्वररावांपुढं कागद सरकवला. अधिकाऱ्यानं कागद पुढं केला की सही करायची, ही त्यांची जुनी सवय. आपणच आणलेल्या भेटीवर आपण पंच झालो हे त्यांना सही केल्यावर कळलं. सोमनाथनं कागद नीट वाचला, गावाच्या नावातला उकार दुरुस्त केला आणि खाली सही केली.

पोहे गार झाले होते.

"घरात आलेल्या भेटीवर पंचनामा करणारी मुलगी मला नको," सोमनाथ उठत म्हणाला.

"नियमाला आळशी म्हणणारा मुलगा मलाही नको."

त्या घरात चाळीस वर्षं 'न्हाई' म्हणण्याचा हक्क एकट्या राधाकिशनरावांचा होता. दोनदा सरपंच झालेला माणूस. पाच स्थळं त्यांनी मोडली होती. थोरलीनं स्वतः पसंत केलेला मुलगा तर, ती पसंत करते म्हणूनच त्यांनी नाकारला होता.

"न्हाई म्हणायचं का हो म्हणायचं ते आमी बघू," ते सावकाश म्हणाले. "तू कावून मधी बोलतीस?"

"आन् तू बी खाली बस बे," परमेश्वरराव मुलाला म्हणाले.

दोघं बाप गोठ्याकडं गेले. अर्ध्या तासानं आले तेव्हा एकमेकांना व्याही म्हणत होते. परमेश्वररावांचं म्हणणं, असल्या पोरीच्या धाकात पोरगं सरळ राहील. राधाकिशनरावांचं म्हणणं, त्यांच्या लेकीशी अर्धा तास भांडून जागेवर टिकलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला. लग्न पुढच्या रविवारी, सोमनाथच्या विमानाच्या आत.

सोमनाथ म्हणाला, मला विचार करायला वेळ द्या. वडील म्हणाले, विचार झालाय. प्रियदर्शनीनं नोकरीचं कारण काढलं, तेही चाललं नाही. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना बघून छबुबाईंना भरून आलं. पोरीचं नशीब, म्हणून त्यांनीही डोळे पुसले.

पाहुण्यांची गाडी घाट उतरायला लागली. राधाकिशनराव मिशीला पीळ देत ओट्यावर बसले. कित्येक दिवसांत त्यांना इतकं समाधान वाटलं नव्हतं.

प्रियदर्शनी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. दाराला कडी घालून तिनं फोन लावला.

"सोम्या, सहा वर्षं थांबलो, आता सात दिवस कळ काढ," ती हळूच म्हणाली. "हळद लागेपर्यंत नाहीच म्हणत राहा. तू हो म्हणालास, की बाबा लग्न मोडतील."