फळीला एक दिवस द्यावा लागतो

“कुणी विचारलंच, तर तुम्ही माझे मामा,” हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाले. “गावाहून सहज आलात.”

चौकात रोजंदारीच्या कामासाठी उभ्या असलेल्या मजुरांतून सगळ्यात वयस्कर माणूस त्यांनी मुद्दाम निवडला होता. दिसायला तरी मामासारखा हवा. त्या माणसानं ड्रिल मशीनची पिशवी खांद्यावर सारखी केली. “चालेल की. नाहीतरी मला सगळे मामाच म्हणतात.”

काम एवढंसंच होतं. स्वयंपाकघरात बरण्यांसाठी एक लांब फळी ठोकायची. एरवी हेडक्लार्कांनी मजुराला दारात उभं केलं नसतं. घरातली किरकोळ कामं ते स्वतः करत आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! न्हाणीघरातला नळ त्यांनी बदलला होता. खिडकीच्या बिजागऱ्या त्यांनी बसवल्या होत्या. चपलांचं कपाट त्यांनीच जोडलं होतं. आता, पहिल्या दिवशी नळ गळायचा, खिडकी लागायची नाही, कपाट लंगडायचं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघावं, तर सगळं ठाकठीक! त्यावरून त्यांनी एक सिद्धान्तच काढला होता. ठोकलेल्या वस्तूला बसायला एक दिवस द्यावा लागतो. लोकांना तेवढा धीर नसतो, म्हणून ते मिस्त्री बोलावतात. हा सिद्धान्त त्यांनी अख्ख्या ऑफिसाला ऐकवला होता. बायकोलाही. ती दर वेळी पदराआड काहीतरी शिंकल्यासारखं करून मान डोलवायची.

या वेळी घात केला तो मेहुण्यानं. तो बांधकामाचा ठेकेदार. आज रात्री जेवायला येणार होता. काल फोनवर फळीचा विषय निघाला, तेव्हा तो फिस्सकन हसला. “दाजी, तुमच्या हातची फळी? मग मी बाहेरच्या खोलीत जेवेन हं!”

हेडक्लार्कांना ते फार लागलं. त्यांनी रजाच टाकली. सकाळी बायको दवाखान्यात तिच्या नोंदणीच्या टेबलावर कामाला गेली आणि यांनी बाह्या सरसावल्या. तासाभरात भिंतीची चाळण झाली. फळी बसली, पण अशी, की वर ठेवलेली बरणी सावकाश चालत कडेला आली आणि त्यांनी झेलली म्हणून वाचली. फळी पुन्हा उतरवावी लागली. आणि मेहुणा तर रात्रीच येणार. बसायला एक दिवस आणायचा कुठून?

म्हणून हे मामा.

इमारतीच्या फाटकाशी मामा थबकले. “इथं?”

“हो. का?”

“काही नाही.” मामांनी मिशीवरून हात फिरवला. जिना चढताना त्यांना मध्येच उबळ आल्यासारखं झालं. हेडक्लार्कांना दया आली. वय झालंय बिचाऱ्याचं.

स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर मामांनी दाराआडचं स्टूल आपणच ओढून घेतलं आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. बराच वेळ. गर्दीत जुना ओळखीचा माणूस दिसावा, तसे.

“कुणी पाडली ही भोकं?”

“आधीच्या भाडेकरूनं,” हेडक्लार्कांनी ठोकून दिलं.

“ओल्या चुन्यासारखी ताजी आहेत,” मामा म्हणाले आणि स्टुलावर चढले.

मग मात्र काम भराभर चाललं. जुनी भोकं बुजली. नवी पाडून त्यांत स्क्रूसाठी प्लास्टिकच्या गिट्ट्या बसल्या. ब्रॅकेट लागले. हेडक्लार्कांनी एका हातानं स्टूल धरलं, दुसऱ्यानं स्क्रू पुरवले आणि अधूनमधून “अस्सं!” म्हणत काम आपणच करतोय असं मानून घेतलं. शेवटी मामांनी फळी दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरली आणि नेमका त्यांच्या खिशातला फोन वाजला.

“वाजू द्या,” मामा म्हणाले.

“अहो, दुसरं काम आलं असेल. तुमच्या पोटावर पाय कशाला?” हेडक्लार्कांनी मोठ्या मनानं मामांच्या खिशातून फोन काढला, स्पीकर लावला आणि हात उंच करून त्यांच्या तोंडाशी धरला.

“मामा, आज तीन वाजता याल का हो?” आवाज घाईतला होता. आणि हेडक्लार्कांच्या रोजच्या ऐकण्यातला. “ह्यांनी पुन्हा ठोकाठोकी काढलीय. रजा घेऊन घरीच बसलेत, पण मी काहीतरी निमित्त काढून त्यांना बाजारात पिटाळते. तेवढ्यात तुम्ही उरकून घ्या, नेहमीसारखं. या वेळी उद्यावर नको. माझा भाऊ जेवायला येतोय.”

हेडक्लार्कांची नजर आपोआप खिडकीकडे गेली. खिडकी कशी घट्ट लागली होती. तिथून ती चपलांच्या कपाटावर गेली. चारही पायांवर उभं होतं बेटं. एवढ्या वर्षांत घरात मामा कोण झालं होतं, ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. कान तापले. पण स्टूल सोडावं, तर वरचा माणूस फळीसकट खाली यायचा.

मामांनी वरून त्यांच्याकडे पाहिलं. हेडक्लार्कांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मामांना राहवलं नाही.

“आज गरज नाही, ताई,” ते म्हणाले. “फळी अगदी झकास बसलीय. साहेबांचा हात आता तयार झालाय.”



“बसलीय? आणि तुम्हाला कसं कळलं, मामा?”

मामांनी जीभ चावली. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. फोनमधून आधी एक खुदकन हसू आलं आणि मग ते आवरेचना. दवाखान्यातली सगळी रांग तिच्याकडे बघत असणार.

“बरं, मग एक करा, मामा,” धाप आवरत ती म्हणाली. “फळी जराशी वाकडी ठेवा. अगदी सरळ दिसली, तर ती ह्यांनी ठोकलीय हे माझ्या भावाला पटायचंच नाही.”