अंथरूण ओलं केलं!

“मॅडम, तुम्हीच करा ना,” टांझानियातली तरुण डॉक्टर नीमा गयावया करू लागली. मलेरियानं एका चिमुरडीची मूत्रपिंडं बंद पडली होती आणि त्या छोट्या इस्पितळात डायलिसिसचं यंत्र नव्हतं. पोटात नळी घालून रक्त शुद्ध करायला पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञ देवस्थळीबाईंनी तिला नुकतंच शिकवलं होतं.

“मी परत गेल्यावर कोण करणार?” बाई म्हणाल्या. त्यांचे हात शिवशिवत होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. नीमानं श्वास रोखून नळी घातली.

काही दिवसांनी सकाळी नीमा हातात चादर घेऊन धावतच आली. “मॅडम, अंथरूण ओलं केलं तिनं! मूत्रपिंडं जागी झाली!”

साठीच्या बाई टाळ्या पिटत नाचल्या. मुलीची आई त्यांचे आभार मानू लागली, तेव्हा त्यांनी नीमाला पुढं ढकललं.

“तिची डॉक्टर ही!”

ओली चादर तशीच छातीशी धरून नीमा रडता रडता हसत सुटली.