स्थिर हात

२०२२ सालचा एप्रिल. वॉटफर्डजवळच्या बागेतल्या छोट्या जपानी देवळापुढे सुप्रभाने आपला फोन भावजयीच्या हातात दिला आणि म्हटलं, "वहिनी, तुम्हीच काढा बाई. तुमच्यासारखा स्थिर हात कुणाचा नाही."

मधुमतीने फोन घेतला. हात स्थिर होताच. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात तिने तीस वर्षं एक्स-रे काढले होते. "श्वास धरा, हलू नका," हे ती झोपेतसुद्धा म्हणायची, असं तिचा नवरा शशिधर सगळ्यांना सांगायचा.

देवळाच्या लाल कमानीशेजारची चेरी फुलांनी ओथंबली होती. दर एप्रिलला या झाडाखाली घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचा, ही शशिधरचीच पद्धत. सुरुवात केली तेव्हा झाड खांद्याएवढं होतं. फ्लास्कमधला चहा, फॉइलमधले बटाटेवडे, दगडी दिव्यावर टायमर लावून ठेवलेला कॅमेरा आणि धावत येऊन मधुमतीशेजारी उभा राहणारा शशिधर. प्रत्येक फोटोत धापा टाकणारा, डोळे अर्धवट मिटलेला. त्याला जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं.

झाडाखाली नात ईशिता आणि तिचा समर मधोमध उभे होते. गेल्याच आठवड्यात त्यांचा साखरपुडा झाला होता. मागे ईशिताचे आईवडील, शेजारी सुप्रभा आणि तिचे यजमान मोहनराव.

"पण आत्याआजी, आजी फोटोमध्ये का नाही येत?" ईशिताने विचारलं.

"अगं, साखरपुड्याचा फोटो ना," सुप्रभाने आवाज खाली आणला. "शुभकार्य आहे. आजीला कळतं ते."

मधुमतीला ऐकू आलं. आणि एकदम सगळे फोटो डोळ्यांपुढे आले. गणपतीचा. मुलाच्या वास्तुशांतीचा. सुप्रभाच्या मुलीच्या, तनूच्या बाळाच्या बारशाचा. सगळे तिनेच काढलेले, एकातही ती नाही. दर वेळी कौतुक करून हातात फोन दिलेला. आणि ती खुळ्यासारखी खूश होत आली होती!

तिची कानशिलं तापली. बटण दाबताना बोटं थरथरली. फोटो हलला.

जवळच एक जपानी बाई फुलांचे फोटो काढत होती. मधुमतीने फोन तिच्या हातात कोंबला, तरातरा झाडाखाली गेली आणि नणंदेला कोपराने सरकवून ईशिताला चिकटून उभी राहिली.

"अहो वहिनी, हे काय भलतंच!"

"वन्सं, तुमचा भाऊ गेलाय. मी नाही."

मोहनराव बुटांकडे बघत राहिले. त्या बाईने हसत "वन, टू, थ्री" म्हटलं आणि फोटो काढला. त्यात एकही चेहरा हसरा नाही.

ईशिता आणि समर आता एडिंबरात राहतात. त्यांच्या जिन्यात तोच फोटो लावलेला आहे. सुप्रभाने मात्र भावजयीशी बोलणं टाकलं आणि एप्रिलमध्ये बागेत येणंही. २०२४ च्या दिवाळीनंतर मोहनराव गेले.

पुढच्या एप्रिलला सुप्रभा बागेत आली. ईशिताची तान्ही मुलगी पहिल्यांदाच फुलं बघायला आली होती. सगळे झाडाखाली जमू लागले तशी सुप्रभा आपणहून चार पावलं मागे सरली. पर्समधून फोन काढून खाली मान घालून म्हणाली, "उभे राहा तुम्ही सगळे. मी काढते."

मधुमतीने तो फोन तिच्या हातातून हिसकावला. तिचं मनगट धरून तिला झाडाखाली ओढत नेलं आणि बाळाला तिच्या हातात दिलं. मग दगडी दिव्यावर फोन उभा केला, टायमर लावला आणि गुडघे दुखत असताना धावत आली. सुप्रभा हळूच बाजूला सरकायला बघत होती.

मधुमतीने तिचा दंड घट्ट धरला आणि धापा टाकत, तीन वर्षांपूर्वीच्याच रागाने म्हणाली, "श्वास धरा, वन्सं. हलू नका."