गोबरगॅसवरचा चहा

सकाळपासून शेगडी पेटवायची नव्हती. विद्यापीठाच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत गॅस जेमतेम उरला होता, आणि तो घरात कसा जळतो हे बघायला पुण्याचे साहेब आज क्वार्टरमध्ये यायचे होते. रॉकेलचा स्टो त्यांना दिसू नये म्हणून टाकीचं काम बघणाऱ्या राधाकृष्णने स्वतःच तो माळ्यावर टाकला होता.

त्याच्या बायकोने, कुमुदने, दुधाचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून परातीतल्या पाण्यात ठेवलं. दुष्काळामुळे रतीब पावशेरावर आला होता. तिचं स्वतःचं दूध गेल्या महिन्यात आटलं. मांडीवर बाळ मूठ चोखत होतं. मधूनमधून ती फडकं बाजूला करून दुधाचा वास घेऊन बघायची.

"बाई, आज दोनच पाट्या शेन निघालं," गोठ्यात काम करणारी चांगुणा दारातून म्हणाली. "निम्म्या गाई नेवाशाच्या छावणीला गेल्या. हायेत त्यांच्या पोटातच काय न्हाई, तर टाकीत कुठनं यावं?" मग तिचं लक्ष बाळाकडे गेलं. "अजून दूध न्हाई पाजलं व्हय?"

"साहेब येऊन गेले की तापवते."

साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बरोबर आणखी दोघे. राधाकृष्णने काडी ओढली. ज्योत निळी, सरळ उभी राहिली. साहेबांनी वाकून हुंगलं.

"वास नाही हो अजिबात! पण नुसती ज्योत काय बघायची? वहिनी, होऊ द्या चहा. शेणाचा चहा!"

सगळे हसले.

"कोरा करू का?" कुमुदने राधाकृष्णकडे बघत विचारलं.

"कोरा कशाला? दूध आहे की." तो ज्योतीकडे बघत होता.

तिने बाळाला चटईवर ठेवलं. फडकं सोडलं. सगळं दूध आधणात ओतलं.

बाळ रडलं नाही. ज्योतीकडे बघत पडून राहिलं.

"शहाणं आहे हो तुमचं बाळ," साहेब म्हणाले.

चहा झाला. एकाने कप आधी नाकाशी नेला, मग ओठांना लावला. "फर्स्ट क्लास!" साहेबांनी राधाकृष्णच्या पाठीवर थाप मारली. त्यांना पोचवायला तो जीपपर्यंत गेला.

स्वयंपाकघरात ज्योत बुटकी झाली, पिवळी झाली, एकदा फडफडली आणि विझली. कुमुदने कॉक बंद केला. पातेल्याच्या तळाला थोडा चहा राहिला होता. तो तिने गाळून बाळाला दूध पाजायच्या बोंडल्यात घेतला, फुंकर घातली, करंगळी बुडवून पाहिली. बाळाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. मग घटाघटा पिऊ लागलं.

"शेवटपर्यंत निळीच होती ना गं?" राधाकृष्णने अंगणातूनच विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि बोंडलं आणखी थोडं कलतं केलं.